पुराच्या पाण्यानं धुतलेलं देऊळ

मी वाईची. सत्तरच्या दशकात लग्न होऊन सांगलीजवळच्या एका कृष्णाकाठच्या गावात आले, तेव्हा मला कौतुकानं सांगण्यात आलं की आमचं महादेवाचं देऊळ कृष्णामाई स्वतः धुते. पुरात नदी पिंडीपर्यंत चढते, देवाला भेटते आणि जाताना सगळं लख्ख करून जाते. भेट चालू असताना माणसानं मध्ये लुडबूड करायची नाही, म्हणून पाणी उतरल्यावर गुरव नारळ फोडेपर्यंत देवळाकडं कुणी फिरकत नसे. मी नदीच्या घाटावरच वाढलेली. पूर मागं काय ठेवून जातो हे मला कुणी सांगायला नको होतं: घोटाभर चिखल आणि मेलेले बेडूक. पण नव्या सुनेनं बोलायचं नसतं. मी नुसती धुमसत राहिले.

पहिल्याच पावसाळ्यात उलगडा झाला. पाणी उतरू लागलं त्या पहाटे सासूबाई खराटा आणि घमेलं घेऊन निघाल्या, आणि मी मागोमाग. पाणी हलतंय तोवर त्याच पाण्यानं गाळ लोटत न्यायचा, ही त्यांची रीत. ऊन लागलं की तो दगडाला असा धरतो की खोऱ्यालाही दाद देत नाही. गाव देवळाशी जमलं तेव्हा त्या घरी चुलीपुढं होत्या आणि लोक कृष्णामाईला हात जोडत होते.

मला ते सहनच होईना. "आत्याबाई, राबता तुम्ही आणि नाव नदीचं? सांगा की एकदा!"

"सांगितलं की ते माजं झालं," त्या भाकरी उलटत म्हणाल्या. "मग देवाला काय ऱ्हायलं?"

राग मात्र गेला नाही.

दोन-तीन पावसाळ्यांनी ऐन पुरात त्यांचा पाय मुरगळला. पाऊल टेकवेना. मला वाटलं, बरं झालं, आता गावाला कळू दे चिखल म्हणजे काय असतो. पण पाणी उतरल्याचं कानावर पडताच त्या भिंत धरून उठायला लागल्या, कळ येऊन खाली बसल्या आणि रडल्या. माझे यजमान फौजेत निघाले तेव्हाही ही बाई रडली नव्हती. इतकी वर्षं गुपचूप चालवलेलं आज आपल्या हातून सुटणार, याचं ते रडू होतं. मी खराटा उचलला. देवासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. उगाच खोटं कशाला बोलू?

कंबर मोडेस्तोवर धुतलं आणि कुणाच्या नजरेस न पडता घरी आले. त्यांनी एकच विचारलं, "नंदीच्या पोटाखाली हात घातलास?"

"तिथं कोण बघतंय?"

त्यांनी नुसतं खिडकीकडं पाहिलं. बाहेर ऊन आलं होतं.

चडफडत परत गेले, तोवर नारळ फुटला होता आणि सारं गाव जमलं होतं. आता सगळ्यांसमोर चिखल उपसायचा म्हणजे गुपित चव्हाट्यावर. मी पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढला आणि नंदीपाशी आडवीच झाले.

"काय हुडकतीस गं?" एका म्हातारीनं विचारलं.

"कानातलं फूल पडलं. पुराआधी दर्शनाला आले होते तेव्हा."

"आवं, कानातलं सांभाळंना, ही संसार काय सांभाळणार!" म्हातारी म्हणाली आणि सगळे हसले. गुरवानंही चार शब्द सुनावले. एरवी मी एकेकाला सरळ केलं असतं. त्या दिवशी दात आवळून मूठ मूठ गाळ ओच्यात घेतला, हात थेट दगडाला लागेपर्यंत.

वेंधळी म्हणून माझं नाव झालं ते कायमचंच. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, अगदी म्हातारीच्या बोलण्यासकट. त्या पाय विसरून हसल्या, मग माझा चिखलानं भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"देवाला पोचलं गं पोरी," म्हणाल्या. "आता पोचलं."