उखाकाकांची साक्ष

नवापूरकडच्या उखाकाका गावितांचं आयुष्य कतारगामच्या कापड कारखान्यात लूमवर गेलं. त्या खडखडाटात बोलून बोलून त्यांची कुजबुजही कोसाडच्या वसाहतीत तीन मजले खाली ऐकू जाई. त्यामुळे एका पहाटे गॅलरीत उभं राहून त्यांनी देवाला हळूच विचारलं, की माझ्या जगण्याला काही अर्थ होता का, तेव्हा खालून दूधवाल्याने उत्तर दिलं, "काका, आधा लिटर या एक?"

झालं होतं असं, की ललित पास्टरांच्या घरी रविवारच्या उपासनेत दर वेळी एकाने साक्ष द्यायची पद्धत होती. आपण कसे भरकटलो आणि देवाने कसं ताळ्यावर आणलं, ते उभं राहून सांगायचं. येत्या रविवारी पाळी काकांची होती आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. मंडळीतल्या योगराजकडे सांगायला सुटलेली दारू होती. तो दरवर्षी साक्ष देई आणि त्याच्या बाटल्या दरवर्षी वाढत. काका चहासुद्धा अर्धा कप घेत. उपासनेआधी सतरंज्या अंथरायच्या, नंतर झटकून घड्या घालायच्या, एवढंच त्यांचं मंडळीतलं कर्तृत्व. ज्याचं काही बिघडलंच नाही, त्याने देवाने काय सुधारलं म्हणून सांगायचं?

पास्टरांनी त्यांना पवित्र शास्त्रातलं 'उपदेशक' हे पुस्तक वाचायला सांगितलं. त्यातल्या राजाने महाल बांधले, बागा लावल्या, गाणारे ठेवले, सोनं साठवलं, आणि शेवटी हे सगळं वाऱ्यामागे धावणं आहे म्हणाला. काका हादरले. एवढं असून राजाला अर्थ सापडेना, मग सतरंज्यांत तो काय सापडणार? ते जेवतानाही विचारात बुडाले. घास हातात, डोळे पंख्यावर. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, तव्यावरून उतरवलेली भाकर रोज त्यांच्यापुढे गार होई.

शनिवारी शांताबाईंनी विचारलं, "मग त्या राजाने शेवटी करायला काय सांगितलं?"

काकांनी पान शोधलं. आपली भाकर आनंदाने खावी, बायकोसोबत सुखाने राहावं, हाती येईल ते काम जीव लावून करावं, ही सगळी देवाची देणगी आहे, असं तो म्हणत होता.

"एवढे महाल बांधून त्याला हे कळलं?"

"हो ना."

"आणि तुम्ही आठवडाभर काय वाचताय? ही पण गार झाली."

रविवारी काका साक्षीला उभे राहिले. त्यांनी घसा खाकरताच पुढच्या बायकांनी पदर कानांवर ओढले.

"मी पापी आहे," काका म्हणाले. मंडळी सरसावून बसली. योगराज जरा अस्वस्थ झाला. "देवाने मला रोज गरम भाकर दिली. मी अर्थ शोधत बसलो आणि ती गार केली. जिने केली तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. देवाने मला क्षमा करावी. आणि हिनेही."

पास्टरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधीच बायकांमधून शांताबाईंचं खणखणीत "आमेन" आलं. ते तर चार मजले ओलांडून गेलं असावं.

उपासना संपल्यावर काकांनी सतरंज्या झटकल्या आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून निगुतीने घड्या घातल्या.

"आटपा लवकर," शांताबाई दारातून म्हणाल्या, "मला तवा चढवायचाय."