दीक्षाचा कीबोर्ड

दौंडला कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान. दोन हजार तीन साली एकच कॉम्प्युटर होता, तोही आतल्या पार्टिशनमागं. बाहेर झेरॉक्सवर मी. त्या जूनमध्ये भांडगावहून दीक्षा कामाला लागली. एसटीनं यायची, डाव्या हातावर कायम ओढणी, बोलणं मोजकं. पण काम इतकं चोख, की वकील तिचंच नाव घेत दुकानात शिरायचे. मला कुत्रं विचारत नव्हतं!

तिनं वर्डमध्ये स्वतःचा संसारच थाटला होता. वरच्या मेनूतलं नको ते काढून 'दाखले' नावाचा नवा मेनू केलेला, इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी तिथं उमटायचं नाही. सेव्ह, कॉपी, पेस्ट सगळं कीबोर्डच्या उजव्या बाजूला आणलेलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

ऑगस्टात ती एक दिवस रजेवर गेली. कासुर्डीचे दगडोबा आप्पा विहिरीच्या प्रतिज्ञापत्रासाठी आले, म्हणून मीच बसलो. मजकूर झाला, छापायला कंट्रोल-पी दाबलं. माझी नजर प्रिंटरवर, कागद सुटेना. आणखी दोनदा दाबलं. गर्दी वाढलेली, शेवटी माउसनं प्रिंट दिलं आणि न वाचताच आप्पांच्या हातात ठेवलं.

अर्ध्या तासात आप्पा परत. "आरं नवनाथ, म्या विधवा कवा झालो रं? आन् ती बी तीनदा?"

दीक्षानं 'पी'वर पेन्शनच्या अर्जाचा मजकूर बसवला होता: 'मी विधवा असून निराधार आहे.' कचेरीतल्या कारकुनानं तो मोठ्यानं वाचला होता. अख्खा रस्ता हसत होता.

माझं डोकंच फिरलं. मशीन असं करून ठेवायचं की हिच्यावाचून कुणाला चालवताच येऊ नये, म्हणजे उद्या ही मला मुठीत धरणार! कस्टमाइझमध्ये गेलो आणि मेनू, बटणं, सगळं पहिल्यासारखं करून टाकलं.

सकाळी ती आली तेव्हा म्हणालो, "व्हायरस आला हुता. सगळं गेलं."

दुपारपर्यंत तिचे दोनच कागद झाले. बाहेर वकील ओरडायला लागले. मी तणतणत आत गेलो. "झोपलीस का काय? जमत नसंल तर सांग, दुसरी बघतो."

तिनं ओढणी बाजूला केली. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी. मधली तिन्ही बोटं नाहीत.

"ल्हानपणी कडबाकुट्टीत गेली, दादा. शिरूरला दोन दुकानांनी हात बघूनच परत पाठवलं, म्हणून झाकते. उजव्या हातानं सगळं व्हावं म्हणून बटणं बदलली होती. परत बसवते, पण आठ दिवस द्या. कामावरून काढू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वकिलांना चहाला पिटाळलं आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलो.

"व्हायरस न्हवता. म्याच पुसलं."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

"सेव्ह कुठं हुतं?"

"के."

ती सांगत गेली, मी बसवत गेलो. 'पी' आला तसा थांबलो.

"तिथं तुमचं प्रिंटच राहू द्या, दादा."

"न्हाई. पेन्शनच टाकतो. मी शिकतो."

दुसऱ्या दिवशी ती ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून आली. पार्टिशनमागं आलेल्या वकिलांच्या समोरच दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि कामाला लागली.