टाकीतलं आगळ

वडिलांच्या मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत मी दोन बाटल्या कोकमाचं आगळ ओतलं. पूर्ण शुद्धीत ओतलं. वय चाळिशीच्या पुढे होतं, आणि कणकवलीच्या ऑफिसात लोक माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, हेही सांगून टाकतो.

झालं असं, की टाकी गळत होती. खालच्या शिवणीला, मागच्या कोपऱ्यात, गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. वडील महिनाभर त्यावर अंगाच्या साबणाची वडी घासून गाडी चालवत होते. पेट्रोलला साबण दाद देत नाही हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे, पण थेंब थांबायचा. दर गुरुवारी साबण घासायचा, आईला मागे बसवायचं आणि मालवणहून पिंगुळीला जायचं, मावशीकडे.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. पडून कमरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर आहे. आईला बस चालत नाही, रिक्षा चालत नाही, माझी कार तर मुळीच नाही. वाटेतलं चौके गाव यायच्या आत ओकारी. वडिलांच्या मागे एका अंगाने बसून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मात्र ती पिंगुळीपर्यंत ताजीतवानी पोचते. वडील म्हणतात, वारो लागता म्हणान. असेल, वाराच असेल.

मी रविवारी घरी गेलो, तो साबण पाहिला आणि मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. टाकीत व्हिनेगर भरून ठेवा, आतला गंज सुटेल, मग भोक बुजवा. आता आमच्या घरात व्हिनेगर कुठून असणार? पण आंबट ते आंबट. वडील दुपारचे झोपले होते. मी टाकी उतरवली, पेट्रोल काढलं, फडताळातल्या आगळाच्या दोन बाटल्या आत रिकाम्या केल्या, वर पाणी भरलं आणि पडवीत ठेवून दिली.

आगळात मूठमूठ मीठ असतं. ज्याच्या घरच्या खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्याने झडतात, त्याला हे सुचायला हवं होतं. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून पुन्हा मालवणला आलो, तर टाकीखाली लालभडक थारोळं होतं आणि एकाच्या जागी तीन भोकं.

वडिलांनी वाकून बघितलं. "माझो साबण बरो होतो," एवढंच म्हणाले.

आई दोन्ही रिकाम्या बाटल्या घेऊन बाहेर आली. "दोनय ओतलंस?"

"दोन्ही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मावशीच्या तोंडाची चव गेली होती. जेवण बघितलं की तोंड फिरवायची. आईच्या हातच्या आगळाचं सार तेवढं चार घोट घ्यायची. त्या बाटल्या तिच्यासाठी राखलेल्या होत्या. आई पायरीवर बसली. "आता जावचा कसा नि तिका काय नेवचा?" हे ती मला विचारत नव्हती, म्हणून जास्त लागलं.

मी ऑफिसात फोन करून गुरुवारपर्यंत रजा सांगितली. मंगळवारी सकाळी टाकी काखोटीला मारून बाजारात गेलो. तिथे बोळात एक म्हातारे बसतात. स्टोव्ह, घंगाळं, होडीच्या इंजिनाच्या टाक्या, जे गळेल त्याला कथलाचा डाग मारून देतात. त्यांनी टाकीच्या तोंडाला नाक लावलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा नाक लावलं.

"रे, हेच्यातून सोलकढीचो वास येता."

मी खरं ते सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि समोरच्या दुकानदाराला हाक मारली, "आयकलंस? ह्या झिलान टाकयेक आगळ पाजल्यान!" दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला आला. गिऱ्हाईकही आलं.

मग म्हातारे शांतपणे म्हणाले, "पत्रो अजून बरो आसा. मरूचो नाय. पण आतली घाण काड आधी. गरम पाणी, सोडो, मूठभर बारीक खडी घाल नि हालव. पाणी स्वच्छ येयसर हालव. उद्या घेवन ये."

मंगळवार मी पडवीत टाकी हलवण्यात घालवला. उभ्याने हलवली, बसून हलवली. आतून खडखडाट आणि तपकिरी पाणी. चौथ्या पाण्याला माझे दंड भरून आले, तेव्हा वडील खुर्ची घेऊन आले. "दी हय. तुका हालवताच येणा नाय." त्यांनी टाकी मांडीवर आडवी घेतली आणि सावकाश, एका लयीत हलवू लागले. माझ्या धसमुसळेपणाने जे निघत नव्हतं ते निघायला लागलं. थोड्या वेळाने पाहिलं, तर त्यांचा उजवा हात आपोआप टाकीवर थापटत होता.

आई दारात उभी होती. "निजला काय?" तिने विचारलं. सोमवारपासून ती पहिल्यांदा हसली होती.

बुधवारी म्हाताऱ्यांनी भोकांखाली जेमतेम हवा राहील एवढं पाणी आत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि टाकी उलटी केली. "पेट्रोलाची वाफ ऱ्हवली आसली तर तू नि मी दोघय वर," असं म्हणून तापलेलं तांब्याचं हत्यार टेकवलं. मी दोन पावलं मागे सरलो, ते हसले. कथलाचे तीन चकचकीत ठिपके बसले.

घरी येऊन टाकी चढवली, पेट्रोल भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. आई त्या कागदाशेजारी पाट घेऊन बसली. तांदूळ निवडायला घेतले होते, पण तासाभरात ताटातले तांदूळ फारसे हलले नाहीत. कागद कोरडाच राहिला. मग ती उठली, बरणीतली सोलं, म्हणजे आमसुलं, पुडीत बांधली, आणि म्हणाली, "आगळ नाय तर सोलांचा सार. खायत बिचारी."

गुरुवारी ते दोघं पुढे आणि मी मागून कारने. न जाणो, पुन्हा गळली तर. सगळा रस्ता माझी नजर टाकीवर असायला हवी होती, पण ती वडिलांच्या खांद्यावरच्या हाताकडेच जात राहिली. धामापूरच्या वळणांवर ते गाडी इतकी हळू घेत होते, की सायकलवाला पुढे गेला.

पिंगुळीला आई मावशीच्या उशाशी बसली. मावशी आईची बोटं एकेक करून चाचपत राहिली. मग वडिलांनी आगळाची कथा सांगायला घेतली, नको तिथे जास्तच रंगवून. मावशी हसायला लागली, कमरेत कळ आली, तरी हसत राहिली. आई तिचा खांदा धरून "हसा नको गो, दुखतला," म्हणत होती आणि स्वतःच हसत होती.

मी अंगणात जाऊन गाडीखाली वाकून पाहून आलो. "मावशी, एक थेंब नाही," मी जरा छाती काढूनच सांगितलं.

मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईकडे वळली.

"ह्येका कित्याक घेवन इलंस गो? परत जाताना तुमची गाडी चालूक नको?"