फळ्यावर चालणारा प्रोग्राम

पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवायचं म्हणजे त्या कॉलेजात काय, तर खडू घ्यायचा आणि फळा भरायचा. कॉम्प्युटर होते की! लॅबमध्ये प्लास्टिकच्या कव्हराखाली नीट झाकून ठेवलेले. पोरांनी हात लावले आणि बिघडले तर? ही थोर पद्धत ज्या ज्येष्ठ प्राध्यापकांची, त्यांना मुलं फळासर म्हणत. सरांचे प्रोग्राम वर्षानुवर्षं तेच. मुलांनी ते पाठ करायचे, परीक्षेत कागदावर उतरवायचे, आणि सरांनी आपल्या नमुना उत्तराशी ताडून मार्क द्यायचे. अक्कल नावाच्या वस्तूचं तिथे कामच नव्हतं.

नव्या मॅडम तिथे शिकवायला लागल्या तेव्हा त्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ इथेच, याच विषयात आपटला होता आणि 'मला डोकंच नाही' म्हणत शिक्षण सोडून घरी बसला होता. अहो, चांगला हुशार पोरगा! मॅडमच्या मनात तो राग खदखदत होता. निम्मा वर्ग त्यांच्याकडे आला, तशी त्यांनी पहिल्याच दिवशी कव्हरं काढली. दोघादोघांना एका कॉम्प्युटरवर बसवलं. प्रोग्राम काय करेल ते आधी सांगा, मग चालवून बघा, चुकला तर का चुकला ते शोधा. लॅबमध्ये भांडणं, हशा, ओरडाआरडा.

"हा काय मासळीबाजार मांडलाय?" फळासर दारातून डोकावून म्हणाले.

"शिकतायत, सर."

"पेपरात दिसेलच."

पेपरात दिसलं. दिलेल्या आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा शोधा, असा मुख्य प्रश्न होता. फळासरांची रीत अशी, की सुरुवातीला सर्वांत मोठा आकडा शून्य धरायचा आणि त्याहून मोठा सापडेल तसा बदलत जायचा. मॅडमच्या मुलांनी शून्य धरलं नाही, यादीतला पहिलाच आकडा धरला. सगळे पेपर सरच तपासत; नमुन्याशी जुळलं नाही, म्हणून त्यांनी सरसकट भोपळे दिले. मॅडमचा जवळजवळ सगळा वर्ग नापास!

मॅडम तरातरा विभागप्रमुखांकडे गेल्या. फळासर तिथेच चहा पीत होते. मॅडमनी सरांचा प्रोग्राम प्रमुखांच्या कॉम्प्युटरवर चालवला. कडाक्याच्या थंडीतली तापमानं दिली, सगळी शून्याखालची. त्यांतलं सर्वांत जास्त तापमान म्हणून उत्तर आलं शून्य. यादीत शून्य नव्हतंच.

"बघा सर, इतकी वर्षं हे चुकीचं शिकवलं जातंय."

फळासरांनी चहाचा घोट घेतला. "आमच्या पेपरात उणे आकडे येतच नाहीत."

आता काय बोलणार कपाळ! प्रमुखांनी मात्र मान डोलावली. पण चूक कागदोपत्री मान्य केली तर आजवरचे सगळे निकाल उकरावे लागतील, आणि ती उस्तवार कोण करणार? "मॅडमचा मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढच्या पेपरात तळटीप टाकू. आकडे उणे नाहीत असे समजावे. लागलेला निकाल काही बदलत नाही. फेरपरीक्षा आहेच की!"

"आणि तपासणार कोण?"

"मीच," फळासर म्हणाले.

मॅडम लॅबमध्ये परतल्या. मुलं वाट बघत होती. पुढच्या बाकावरची मुलगी उठली. हिच्यासारखे प्रश्न वर्गात कुणी विचारत नसे. फेरपरीक्षेतही नापास झाली तर तिचं वर्ष बुडणार होतं, आणि वर्ष बुडालं तर शिक्षण बंद, असं घरी बजावलेलं होतं.

"मॅडम, फेरपरीक्षेत काय लिहू?"

मॅडमना भाऊ आठवला. संताप आला.

"शून्य धर," त्या म्हणाल्या.

"पण ते चूक आहे ना? आपण लॅबमध्ये चालवून बघितलं होतं."

"चूक आहे, बाळा. तरी तेच लिही."

मुलगी खाली बसली. मग वही उघडून तिने सरांचा प्रोग्राम पाठ करायला घेतला.