बाकाखालचं सोनं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नव्हता, म्हणून असेल कदाचित.

आमच्या घरी दसऱ्याला एक खेळ असायचा. लोक सीमोल्लंघनाला वेशीबाहेर चालत जातात, आम्ही सायकलींवर बुलढाण्याच्या तळ्याला चक्कर मारायचो. बाबांनीच पाडलेली प्रथा. ते धामणगाव बढ्याला शिक्षक होते, नोकरीभर सायकल चालवली आणि पंचाहत्तरी उलटली तरी सोडली नाही. दुपारी एकटेच जाऊन ते एका पितळी डबीत आपट्याची पानं आणि चॉकलेटं भरून तळ्याकाठी लपवायचे. वाटेत जागोजागी कोड्यांच्या चिठ्ठ्या. संध्याकाळी नातवंडं ती कोडी सोडवत, सायकली दामटत सुटायची. ज्याला डबी सापडेल त्याने पहिलं सोनं आबांना, म्हणजे बाबांना, द्यायचं आणि पाया पडायचं, मग बाकीच्यांनी. डबी मिळेपर्यंत आमच्या घरात कोणी कोणाला सोनं देत नसे.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे होते. दादा पुण्याला. वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा यायचा, मिठाई आणायचा, बाबांसोबत फोटो काढायचा. दुरून डोंगर साजरे! दवाखाना, पथ्य, रात्रीचा खोकला, सगळं माझ्या वाट्याला. मी थकलो होतो, हे खरं आहे. पण थकलेला माणूस असं करतो का?

मी दादाला फोनवर सांगू लागलो की बाबा फार विसरतात. गॅस चालू ठेवतात, नावं चुकतात. खरं सांगायचं तर गॅस एकदाच राहिला होता, आणि नावं कोण चुकत नाही? पण मला त्यांना काही महिने पुण्याला पाठवायचं होतं. सरळ मागायची लाज वाटत होती — म्हणून राईचा पर्वत.

त्या दसऱ्याला सकाळी दादा माझ्या तोंडावर हसला. "बाबा तं ठणठणीत आहेत बे. तूच काऊन उगाच घोर लावून राह्यला?"

ते मला लागलं. फार लागलं.

दुपारी मी फुलं आणायला स्कूटरवर निघालो होतो. तळ्याच्या रस्त्यावरून दिसलं — बाबा एका दगडी बाकाजवळ वाकलेले, हात आत घातलेला. मी पुढे जाऊन थांबलो. ते सायकलवर बसून लांब गेले. मग —

मग मी डबी काढली. ती हातात घेऊन उभा होतो तेव्हासुद्धा परत ठेवता आली असती. मी ती पाण्यात फेकली.

संध्याकाळी पोरं सगळी कोडी सोडवून बरोब्बर त्या बाकापाशी पोचली. बाकाखाली काही नव्हतं. बाबा आधी हसले, म्हणाले, नीट पाहा रे. मग स्वतः गुडघ्यांवर बसले. नव्या धोतराला चिखल लागला. एक बाक, दुसरं बाक, मग झाडाची मुळं. मीसुद्धा त्यांच्यासोबत शोधत होतो! वाकून, हात घालून, अगदी मनापासून शोधल्यासारखा.

"म्या इथंच ठेवलं होतं," ते सारखे म्हणत होते. "मले पक्कं आठवते. काऊन सापडून नाई राह्यलं बे?"

अंधार पडला. दादाची धाकटी म्हणाली, "आबा विसरले!" पोरं हसली. बाबाही हसले, पण पोरांच्या नंतर, जरा उशिराने. त्या वर्षी आम्ही बाजारातली पानं एकमेकांना दिली.

जेवणं झाल्यावर दादा मला अंगणात म्हणाला, "तुयंच खरं होतं रे. मी नेतो त्याईले." आणि मला आनंद झाला. त्या रात्री मी छान झोपलो.

काही महिन्यांसाठी गेलेले बाबा परत आले नाहीत. पुण्यात त्यांना एकट्याने खाली सोडत नसत. दादा म्हणायचा, ते स्वतःच खाली जायचं म्हणत नाहीत आता. चष्मा ठेवला की दोनदा, तीनदा हात लावून बघतात. सुनेला विचारतात, मी जेवलो ना? डॉक्टर म्हणाले, वय आहे. वय असेलही. पण आपल्या डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांना वयाने शिकवलं नव्हतं. ते मागच्या हिवाळ्यात तिथेच गेले.

माझ्याकडे कारणं पुष्कळ आहेत. ती राहू देत.

जायच्या थोडं आधी त्यांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलले, आणि मग अचानक आवाज खाली करून, कोणी ऐकू नये तसं विचारलं, "तू खरं सांग. त्या दसऱ्याले डबी म्या बाकाखालीच ठेवली होती ना?"

एक 'हो' पुरलं असतं. मी म्हणालो, "नाही बाबा. तुम्ही विसरले होते."



"हाव," ते म्हणाले. "तू म्हणतो तं तसंच असन."