पट्टीला मारलेली कांजी

आमच्या घरी कोलंबी सोलली की टरफलं मी टाकू देत नसे. आई म्हणायची, "एवरी शिकली, आनि आता कचरा येचते." मी ती धुऊन, वाळवून कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायची. त्यातून कायटोसान निघतं, जखम भरायला मदत करणारा पदार्थ. त्याचा थर दिलेली, जखमेला न चिकटणारी पट्टी करायची, हे मी डोक्यात घेतलं होतं. कारण घरातच होतं. बाबांना साखरेचा आजार, आणि डाव्या पायाच्या तळव्याची जखम वर्षभर भरत नव्हती. रोज पट्टी काढताना कातडी सोलून यायची. बाबा भिंतीकडे बघत बसायचे.

पट्टीचं कापड कामतघर भागातल्या आमच्याच लूमवर बाबांनी विणलं. मी ते उकळून सुतावरची सगळी कांजी, म्हणजे खळ, काढली, वाळत घातलं आणि नोकरीवर गेले. परत आले तर छान घडी घालून ठेवलेलं. तसंच उचलून प्रयोगशाळेत नेलं.

पाण्यावर टाकलेला तुकडा झटकन भिजून बुडायला हवा, तरच त्यावर थर बसतो. माझा मजेत तरंगत राहिला. माझ्या प्रकल्पाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात जमलं नाही तर विषय बदला."

घरी येऊन मी विचारलं, "बाबा, कापडाला काय केलंस?"

"काय न्हाय. धुऊन पार लुलं परलं व्हतं. तुझ्या सरांच्या हातात असला माल द्यायचा? कांजी-मेन मारून कडक केलं."

जन्मभर त्यांनी व्यापाऱ्याला कडक कापडच दाखवलं होतं. त्या मेणामुळेच तुकडा पाणी पीत नव्हता. मी वाट्टेल ते बोलले. त्या पायावर उभं राहून त्यांनी इस्त्रीही केली होती, हे आईने सांगितलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. राग मात्र गेला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी तेच कापड तीनदा उकळलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

या वेळी तुकडा बुडाला. त्यावर कायटोसानचा थरही नीट बसला. सरांनी विषय राहू दिला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच पाय पुढे केला. "मंग लाव."

"बाबा, अजून चाचण्या आहेत, परवानग्या आहेत. वर्षं जातील. तुझ्या पायाला ही नाही मिळायची."

त्यांनी पाय हळूच मागे घेतला.

मग म्हणाले, "पुरच्या खेपेला किती मीटर कापड लागंल?"