पांढऱ्या गाडीवरचे हिरवे कण

सायली, रोहन, शेजारी आज गेटला स्प्रेने रंग मारत आहेत. थिनरचा वास घरभर झाला, म्हणून हे आजच लिहिते आहे.

माझ्या वडिलांनी दिलेली पांढरी गाडी मी स्वतः चालवत शाळेत शिकवायला जायची. आपलं गेट रंगवताना तिच्यावर बारीक हिरवे कण उडाले. तुमचे आजोबा म्हणाले, "तूच काढ. तुझा हात हलका आहे."

दोन दिवस मी जुन्या बनियनला थोडं रॉकेल लावून एकेक भाग पुसला आणि लगेच साबणाने धुतला. डोळ्यांना न दिसणारे कण तळहाताला वाळूसारखे लागत. शेवटी पत्रा गुळगुळीत झाला. सोमवारी शाळेत ऐटीत जायचं, असं मनाशी ठरवलं.

रविवारी कामठ्याचे एक गृहस्थ आले. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "वहिनी, मस्त चमकवून देऊन राहिल्या हो आमची गाडी!"

मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं.

"सौदा मागच्याच हप्त्यात झाला," ते म्हणाले. "आधी सांगितलं असतं, तर पुसली असतीस काय?"

तेव्हा गाडी गेल्याचं दुःख झालं. आज त्या 'हलक्या हाता'चं जास्त होतं.

त्या रविवारी गाडीची दुसरी किल्ली सापडत नाही, असं मी दोघांनाही सांगितलं. ती अजून माझ्या कपाटात आहे.